सोलापूरच्या गच्चीवर सक्युलंट: आधी कुळ बघा, मग झाड

प्रश्न असा आहे: "सोलापुरात विजापूर रोडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. फेब्रुवारीत ऑनलाइन आठ वेगवेगळ्या सक्युलंटचा संच मागवला. सोबतच्या कागदावर 'भरपूर ऊन, आठवड्यातून एकदा पाणी' असं होतं, तेवढं काटेकोर पाळलं. जून संपेपर्यंत पाच झाडं गेली. एचेव्हेरिया सगळ्यात आधी गेल्या. स्नेक प्लांट आणि एक काटेरी झाड मात्र मजेत आहे. मला नीट संग्रह करायचा आहे. सक्युलंटची कुळं कोणकोणती आणि सुरुवात कुठल्या कुळापासून करू?"

कुळांची यादी देणं सोपं आहे, पण तेवढ्याने तुमची पुढची आठ झाडं वाचणार नाहीत. तुमची चूक काही नव्हती. आठ निरनिराळ्या झाडांना एकच नियम लावायला सांगितलं गेलं, अडचण तिथे झाली. सक्युलंट नावाचं एक कुळ नाही. कोरड्या दिवसांसाठी पानात, खोडात किंवा मुळात पाणी साठवायची ही सवय आहे आणि ती ३० हून अधिक कुळांत स्वतंत्रपणे आलेली आहे. तुमच्या एका खोक्यात मेक्सिकोच्या डोंगरातलं झाड होतं, मादागास्करचं होतं, दक्षिण आफ्रिकेतलंही असणार. दिसायला सगळी गुबगुबीत, पण एकाची वाढ उन्हाळ्यात होते तेव्हा दुसरं झोपलेलं असतं. झोपलेल्या झाडाला दर रविवारी पाणी घातलं की ते सडतं. कूळ ओळखायचं ते यासाठी. झाड कधी पितं आणि कधी पाण्याला हात लावत नाही, याचा पहिला अंदाज कुळावरून येतो. सगळा उलगडा मात्र होत नाही. एकाच कुळात दोन टोकांची झाडं असतात, ते पुढे येईलच.

आता आपलं गाव. सोलापूरचं ऊन सगळ्यांना माहीत आहे, पण सक्युलंटच्या बाबतीत मला दिवसापेक्षा रात्रीची काळजी जास्त वाटते. यातली बरीच झाडं दिवसा पानांवरची रंध्रं मिटून ठेवतात, म्हणजे पाणी उडत नाही. रात्री ती उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात, मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि दुसऱ्या दिवशी उजेड आला की बंद दाराआड त्याची साखर करतात. हे सगळं रात्र गार असेल तर नीट चालतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे रात्री दहा वाजताही गच्चीची फरशी पायाला गरम लागते. अशा वेळी थंड डोंगराळ भागातली झाडं वाढ थांबवतात, मुळं पाणी उचलत नाहीत आणि आपण घातलेलं पाणी तापलेल्या कुंडीत तसंच राहतं. बुरशीला आणखी काय हवं?

दुसरा धोका सप्टेंबरचा. वर्षाला ७०० ते ७५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं आपलं शहर, पण त्यातला मोठा वाटा परतीच्या दिवसांत येतो. जुलैमध्ये नुसतं आभाळ असतं, म्हणून लोक निर्धास्त होतात आणि सप्टेंबरच्या झडीत कुंड्या उघड्यावर राहतात. माझ्याकडे सडलेली झाडं घेऊन लोक येतात, त्यांची गर्दी मेपेक्षा ऑक्टोबरमध्ये जास्त असते.

तुमची गॅलरी कुठल्या दिशेला आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. पूर्वेची असेल तर तुमच्यासारखा भाग्यवान नाही, सकाळचं ऊन या झाडांना मानवतं. पश्चिमेची असेल तर दुपारी तापलेली भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते, तिथे निवड अगदी जपून करावी लागेल. मी जुळे सोलापुरात गच्चीवर झाडं वाढवते आणि थोडी विकतेही. माझ्याकडे मार्च ते जून ५० टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी हिरवी जाळी असते. खाली लिहिलंय ते त्या अनुभवावर बेतलेलं आहे, तेव्हा आपापल्या जागेप्रमाणे थोडं इकडेतिकडे करून घ्या.

सुरुवात क्रॅस्युलेसी कुळापासून करू, कारण तुमची बहुतेक गेलेली झाडं याच कुळातली असणार. सुमारे १,४०० जातींचं हे कूळ. एचेव्हेरिया, सेडम, क्रॅस्युला, कलांचो ही सगळी यातलीच, आणि आपल्या आजीच्या दारातली पानफुटीसुद्धा. फोटोत सगळ्यात देखणी दिसते ती गुलाबासारख्या पाकळ्यांची एचेव्हेरिया. तिच्या बऱ्याच जाती मेक्सिकोच्या उंच, रात्री गार होणाऱ्या भागातल्या आहेत. बंगळुरूच्या किंवा उटीच्या हवेत वाढवलेली ती झाडं खोक्यातून फेब्रुवारीत सोलापुरात येतात, महिनाभर सुंदर दिसतात आणि मग उन्हाळा लागतो. म्हणून नवख्याने एचेव्हेरिया घेऊच नये असं मी म्हणत नाही, पण ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घ्यावी, म्हणजे निदान चार महिने ती मुळं धरते. मार्चनंतर तिला जाळीखाली, वारा खेळेल अशा जागी हलवायचं आणि पाणी अगदी कमी करायचं.

उरलेल्या झाडांत यातलं एखादं असेल तर आत्ताच तपासा. तहान आणि सड यांत फरक कळायला हवा. तहानलेल्या झाडाची खालची पानं सुरकुततात, मऊ पडतात, पण त्यांचा रंग तोच राहतो आणि ती खोडाला घट्ट असतात. सड लागली की खालची पानं आरपार दिसतील अशी पिवळट, पाण्याने भरल्यासारखी होतात आणि नुसतं बोट लागलं तरी गळतात. अशा वेळी झाड कुंडीतून काढून मातीच्या पातळीवर खोड दाबून बघा. मऊ लागलं तर स्वच्छ ब्लेडने वरच्या बाजूला कापा. कापलेल्या तोंडावर तपकिरी वर्तुळ दिसलं तर अजून थोडं वर कापा, प्रत्येक वेळी ब्लेड पुसून. पूर्ण हिरवं-पांढरं, स्वच्छ तोंड दिसेपर्यंत थांबायचं नाही. मग तो शेंडा सावलीत चार-पाच दिवस नुसता ठेवून द्यायचा, जखम सुकली की कोरड्या मिश्रणावर टेकवायचा. मुळं फुटायच्या आधी पाणी घालायचा मोह होतो, तो टाळा.

याच कुळातला कलांचो मात्र आपल्या हवेत बराच तग धरतो. मादागास्कर आणि आफ्रिकेतलं हे झाड आहे. मखमली पानांचा कलांचो टोमेन्टोसा नवख्यांना मी बिनधास्त देते. थंडीत फुलांनी भरणारा, बाजारात 'कलांचो' म्हणूनच मिळणारा ब्लॉसफेल्डियाना रात्र मोठी झाली की फुलतो, त्यामुळे जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास तो ऐन भरात असतो. पानांच्या कडांवर रांगेने पिल्लं येणारा कलांचो हौसेने आणाल, पण ती पिल्लं शेजारच्या प्रत्येक कुंडीत उतरतात आणि झाड गुरांना विषारी आहे. गावाकडे शेताच्या बांधावर नेऊन लावू नका.

जेडबद्दल दोन शब्द. आपल्याकडे नर्सरीत जेड म्हणून जे लहान गोल पानांचं, लालसर खोडाचं झाड मिळतं, ते बहुतेक वेळा पोर्टुलाकारिया असतं. त्याचं कूळच वेगळं, डिडिएरेसी. खरं जेड म्हणजे क्रॅस्युला ओव्हाटा, त्याचं पान मोठं आणि जाड असतं, खोडही गुबगुबीत असतं. सोलापूरसाठी मला पोर्टुलाकारिया अधिक पसंत आहे. कडक उन्हात टिकतं, छाटणी सोसतं, फांदी खोचली की लागते. बोन्सायची हौस असेल तर सुरुवात त्याच्यापासून करा.

आता माझं सगळ्यात आवडतं कूळ, अपोसायनेसी. कण्हेर, पांढरा चाफा, सदाफुली, रुई ही सगळी याच कुळातली. म्हणजे हे कूळ तुम्हाला आधीपासून माहीत आहे. यातलं अ‍ॅडेनियम हे मला वाटतं सोलापूरसाठीच जन्मलेलं झाड आहे, जरी ते मूळचं आफ्रिकेच्या सहारालगतच्या कोरड्या पट्ट्यातलं आणि अरबस्तानातलं असलं तरी. आपला उन्हाळा ही त्याची वाढीची आणि फुलांची वेळ. एप्रिल-मेमध्ये उघड्या गच्चीवर, निचरा चांगला असेल तर दिवसाआड पाणी दिलं तरी चालतं. 'सक्युलंट आहे, पाणी कमी' म्हणून लोक उन्हाळ्यात त्याला उपाशी ठेवतात आणि थंडीत पानं गळली की घाबरून पाणी वाढवतात. नेमकं उलटं करायला हवं. डिसेंबर-जानेवारीत पानं गळणं ठीक आहे, तेव्हा पाणी जवळपास बंद करायचं आणि बुंधा दाबून बघायचा. बुंधा घट्ट असेल तर झाड झोपलंय, बाकी काही नाही. फेब्रुवारीअखेर छाटणी आणि कुंडी बदलणं उरकायचं. त्या वेळी गड्डा, म्हणजे बुंध्याचा फुगीर भाग, मातीच्या थोडा वर उचलून बसवला की दरवर्षी त्याचा आकार उघडा होत जातो.

अ‍ॅडेनियमला शेंगा येतात त्या जोडीने, शिंगांसारख्या. पिकत आल्या की शेंगेला दोरा गुंडाळून ठेवा. आतल्या प्रत्येक बीला दोन्ही टोकांना रेशमी तुरा असतो. शेंग उकलली आणि वारा आला की अख्खी शेंग शेजाऱ्यांच्या गच्चीवर जाते. बीपासून वाढवलेल्या झाडाचा गड्डा फांदीपासून केलेल्या झाडापेक्षा सुबक होतो, म्हणून बी जपण्यासारखं आहे. चीक विषारी आहे, आफ्रिकेत बाणांना लावत असत. छाटणीनंतर हात साबणाने धुवा, घरात लहान मूल असेल तर कुंडी उंचावर ठेवा. पानं रातोरात फस्त झाली तर कण्हेरीवर येणारी हिरवी गुबगुबीत अळी शोधा, तिला हे झाडही आवडतं.

याच कुळात आपल्या मातीतले सक्युलंट आहेत, हे फार लोकांना ठाऊक नसतं. दख्खनच्या माळावर पानं नसलेल्या चौकोनी काठ्यांसारखा कॅरालुमा उगवतो. सह्याद्रीत कंदीलपुष्पांच्या अनेक जाती आहेत, त्यांतल्या कितीतरी जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. आणि शिंदळ माकडी, शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. जुन्नर-शिवनेरीच्या परिसरातली ही वनस्पती फक्त महाराष्ट्रात आढळते. कड्याच्या कपारीत मांसल खोड, पावसाळ्यात पानं आणि जांभळट-तांबडी चांदणीसारखी फुलं. ती दुर्मीळ आहे. ट्रेकला गेलात आणि दिसली तर फोटो काढा, फांदी नको. या गटातलं काही हवंच असेल तर दक्षिण आफ्रिकेची स्टॅपेलिया लावा. मोठ्या केसाळ फुलाला सडक्या मांसासारखा वास येतो आणि माश्या फसून त्यावर अंडी घालतात. बैठकीच्या खोलीत नको, पण बघण्यासारखं झाड आहे.

तुमचं ते वाचलेलं काटेरी झाड कॅक्टस आहे की युफोर्बिया, हे आज संध्याकाळी पाहून टाका. काटा जिथून निघतो ती जागा जवळून बघा. प्रत्येक काट्याच्या किंवा काट्यांच्या झुबक्याच्या बुडाशी लोकरीसारखी छोटी गादी असेल तर तो कॅक्टस. ही गादी कॅक्टेसी कुळाची खूण आहे, फुलं आणि फुटवेही तिथूनच येतात. गादी नाही, काटे जोडीने आहेत आणि सुई टोचल्यावर पांढरा चीक आला तर युफोर्बिया. नुसत्या चिकावर विसंबू नका, मॅमिलारिया या कॅक्टसच्या काही जातींनाही पांढरा चीक असतो. युफोर्बियाचा चीक डोळ्यात गेला तर फार वाईट इजा होते. गेलाच तर लगेच भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जायचं, वाट बघायची नाही.

कॅक्टेसी म्हणजे दीड हजाराच्या वर जाती, आणि एक अपवाद सोडला तर सगळ्या मूळच्या अमेरिका खंडांतल्या. युफोर्बियाच्या सुमारे २,००० जाती. सगळ्या काही सक्युलंट नाहीत, पण आपल्या कुंपणावरचा शेर आणि थोर त्यांतलेच. कॅक्टस आणि युफोर्बिया इतके सारखे दिसतात ते एकाच प्रकारच्या कोरड्या जागी वेगवेगळ्या खंडांत वाढल्यामुळे. युफोर्बियात नवख्याने युफोर्बिया मिली घ्यावी, मादागास्करची, वर्षातला बराच काळ फुलं देणारी. थाई संकरित मिलीची फुलं मोठी येतात, मूळ जात जास्त काटक असते. कॅक्टसमध्ये जिम्नोकॅलिशियम आणि मॅमिलारिया ही पहिली दोन. जिम्नोकॅलिशियमला थोडी सावली चालते, किंबहुना मेमध्ये लागतेच. गोल्डन बॅरल उन्हाला खंबीर आहे, पण नर्सरीच्या पॉलिहाउसमधून थेट गच्चीवर ठेवलात तर त्याचीही एक बाजू भाजते आणि तो पांढरा-तपकिरी डाग कायमचा राहतो. कुठलंही नवं झाड दोन-तीन आठवडे हळूहळू उन्हात सरकवा.

कॅक्टसची एक गोष्ट विकणारे सांगत नाहीत. हिरव्या तिकोनी खोडावर लाल किंवा पिवळा गोळा बसवलेला कॅक्टस सगळ्यांना भुरळ घालतो. तो लाल गोळा जिम्नोकॅलिशियमचा हरितद्रव्य नसलेला प्रकार आहे, स्वतःचं अन्न तो करू शकत नाही. खालचं खोड ड्रॅगन फ्रूटचं असतं, आपल्याच जिल्ह्यात ज्याच्या बागा उभ्या राहिल्या आहेत तेच. वरचा गोळा खालच्यावर जगतो आणि जोडी बहुधा काही वर्षांत संपते. हौस म्हणून घ्या, संग्रहाची सुरुवात म्हणून नको.

घरात किंवा उजेडाच्या खिडकीत ठेवायला झाड हवं असेल तर अ‍ॅस्फोडेलेसी कूळ. कोरफड याच कुळातली. पण मी सुचवेन ती हॉवर्थिया आणि गॅस्टेरिया, दोन्ही दक्षिण आफ्रिकेच्या, झुडपांच्या आडोशाला वाढणाऱ्या. पांढऱ्या पट्ट्यांची झेब्रा हॉवर्थिया (हल्ली तिला हॉवर्थिऑप्सिस म्हणतात) चुका पोटात घालते. टोकाला आरपार दिसणाऱ्या पानांची मऊ हॉवर्थिया अधिक नाजूक, तिला उन्हाळ्यात विश्रांती लागते. पानं तांबूस होऊन मिटायला लागली की ऊन जास्त होतंय, आत सरकवा.

अ‍ॅस्परागेसी कुळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण ती झाडं काही मागतच नाहीत. घायपात म्हणजे अगेव्ह, आणि तुमचा स्नेक प्लांट. स्नेक प्लांट का वाचला? कारण तो उष्ण भागातला आहे, गरम रात्र त्याला परकी नाही. अगेव्ह घेताना टोकाच्या काट्याची उंची डोळ्यांच्या पातळीला येणार नाही अशी जागा ठरवा.

ऐझोएसी, म्हणजे दगडासारख्या दिसणाऱ्या लिथॉप्सचं कूळ, पहिल्या दोन वर्षांत नको. ही झाडं आफ्रिकेच्या दक्षिणेकडची, उन्हाळ्यात झोपणारी. जुन्या पानांच्या जोडीतलं पाणी शोषून आतून नवी जोडी येत असताना एक पाणी जास्त झालं तरी घात होतो. मोहात पडून मागवली तर नोव्हेंबरमध्ये मागवा, कुरिअरच्या खोक्यात मे काढायला लावू नका.

मिश्रणाबद्दल. कुंडीत काळी माती अजिबात नको, ती पाणी धरून बसते आणि सुकली की मुळं आवळते. निचऱ्यासाठी मिसळतात ते पर्लाइट आणि प्युमिसचे हलके खडे महाग पडतात. आपल्याकडे मुरूम मुबलक आहे. तो चाळून घ्या. ज्वारीच्या दाण्यापेक्षा बारीक ते टाकून द्या, ज्वारी ते हरभरा एवढं ठेवा आणि एकदा धुवा. दोन भाग मुरूम, एक भाग कोळशाचा चुरा किंवा जळकी तूस, एक भाग पूर्ण मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत. कॅक्टसला खत निम्मं. मुरमात चुनखडीचे पांढरे खडे असतील तर वेचून काढा. शंका आली तर व्हिनेगरचा थेंब टाका, फेस आला की चुनखडी. बोअरचं जड पाणी सतत दिलं तर कुंडीच्या कडेला पांढरा थर येतो, तेव्हा पावसाचं पाणी पिंपात भरून ठेवता आलं तर कॅक्टस आणि हॉवर्थिया त्यावर खूश राहतात. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी कढत होतं, म्हणून उन्हाळ्यात पाणी पहाटेच.

तर खरेदीचा क्रम असा ठेवा. आत्ता पावसाळ्यात काही नको, फक्त असलेली झाडं आडोशाला घ्या. ऑक्टोबरअखेर हॉवर्थिया, एखादा कलांचो आणि धीर होत असेल तर एक एचेव्हेरिया. फेब्रुवारी-मार्चमध्ये अ‍ॅडेनियम, मिली आणि दोन कॅक्टस. एक पूर्ण उन्हाळा आणि एक सप्टेंबर यांतून ती गेली की मग एखादं कूळ निवडून त्यात खोल जा. माझ्या मते सोलापूरकराने अपोसायनेसी किंवा युफोर्बिया निवडावं, कारण इथे ती झाडं नुसती टिकत नाहीत, बहरतात. पश्चिमेची गॅलरी असलेल्याने हॉवर्थियाचा नाद सोडलेला बरा.

घेताना विक्रेत्याला विचारा की झाड बीपासून वाढवलंय, फांदीपासून की रानातून उपटलंय. जवळपास सगळे कॅक्टस, सक्युलंट युफोर्बिया आणि कोरफड सोडून तिच्याच प्रजातीतल्या बाकीच्या अ‍ॅलो 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीत आहेत, त्यामुळे परदेशातून मागवताना कागदपत्रं लागतात. स्वस्त, खरचटलेलं, मुळं तुटलेलं जुनाट झाड कुणी दाखवलं तर सोडून द्या.

आणि प्रत्येक कुंडीत पहिल्या दिवशीच पट्टी खोचा: नाव, मूळ देश, आणल्याचा महिना आणि कुठल्या महिन्यात नवं पान दिसलं ते. मार्कर पेनने लिहू नका, आपल्या उन्हात एका उन्हाळ्यात अक्षरं उडतात. साध्या शिसपेन्सिलीने प्लॅस्टिकच्या पट्टीवर लिहिलेलं वर्षानुवर्षं वाचता येतं.